भूत जेवायला बसलं

या, असे जवळ येऊन बसा. लांब बसून वाचता आणि मग म्हणता, तुमच्या घोलवडला आहे काय, चिकू आणि समुद्र! शोभतं का असं बोलणं? कधी उतरलात त्या स्टेशनावर? गाडीच्या खिडकीतून चिकूची करंडी घेतलीत आणि निघून गेलात पुढे सुरतेला. आमच्या वखारीत भरदुपारी अडीच वाजता भूत येतं, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही ना? सांगणार कधी, तुम्ही थांबाल तर!

वखार आमची, चिकू आमचे, भूत मात्र नथूचं.

नथू शेजारच्या झाई गावचा. घर कोळ्यांचं, मचवा, जाळी, अंगणात बोंबील वाळताहेत असं. पण हा गेली वीस वर्षं आमच्याकडे चिकू भरतो. माझ्यापेक्षा वयानं लहान, म्हणून मी नथूच म्हणते. करंडीत गवताचा थर, चिकूचा थर, पुन्हा गवत, असं भरताना त्याचे हात बघावेत. डोळे मात्र भलतीकडेच. कोण कसं चालतंय, कोण पदर कसा खोचतंय. आणि तोंडात एकच, "हाललं पायजे." भिंतीवरच्या कॅलेंडरमधला देव दाखवला, तर म्हणतो, "देव चांगला हाय, वहिनी, पण हालत नाय." एकदा आम्ही त्याला मुलगी दाखवायला नेलं. ती बिचारी रीतीप्रमाणे मान खाली घालून बसली. हा बाहेर येऊन सर्वांच्या देखत म्हणाला, "हालतच नाय की!" मुलीच्या मामानं चप्पल काढली, तेव्हा हाच जोरात हालला.

समुद्रावर तो का जात नाही, ते सांगते. त्याचा थोरला भाऊ रामा एका भाद्रपदात मचव्यावर गेला तो आला नाही. मचव्याची एक फळी तेवढी उंबरगावच्या किनाऱ्याला लागली. आई, जानकीआय, म्हणाली, "फळी आली म्हणजे रामा पण येईल." त्या दिवसापासून नथूला तिनं पाण्यात पाऊल टाकू दिलं नाही. आणि पितृपक्षात रामाचं पान मांडू दिलं नाही. पान कोणाचं मांडायचं, गेलेल्याचं. तिचा तर गेलेला नव्हता. भावकीतले समजावून थकले. तिच्यासमोर विषय काढला की ती सुकी मासळी विकायची टोपली उचलून चालायला लागायची.

आता भूत.

आमच्या शेजारच्या बागेच्या मालकीण बानूबाई, पारशीण. मुंबईला कायमच्या राहायला निघाल्या तेव्हा घरातलं सामान वाटलं. कोणाला कपाट, कोणाला पलंग. नथूनं मागितलं हातानं फिरवायचं सिनेमाचं यंत्र. त्याबरोबर दोन रिळं आली. एकात बाईंची महाबळेश्वरची सहल, ती खाऱ्या हवेनं बुरशी येऊन गेलेली. दुसरं रीळ हलत्या चित्रांचं, म्हणजे कोणी तरी बसून एकेक चित्र काढलंय आणि यंत्रात ती पळवली की माणूस चालतो, कुत्रा भुंकतो. बानूबाईंनी समजावलं, विलायतेत नाताळात शेकोटीपाशी बसून भुताच्या गोष्टी सांगायची पद्धत आहे. त्यातली ही एक फार जुनी, नावाजलेली गोष्ट. पुस्तकावरून हा चित्रांचा सिनेमा केला.

गोष्ट अशी. बाहेर बर्फ. एक टकला म्हातारा एकटाच टेबलाशी बसलाय, पुढ्यात भाजलेला अख्खा पक्षी. दार आपोआप उघडतं आणि पांढरं, काटकुळं भूत आत येऊन टेबलाशी उभं राहतं. म्हाताऱ्याचा चमचा हातातच थरथरतो. आणि फर्र! रीळ संपलं. शेवटचा तुकडा उंदरानं खाल्ला की कोणा पोरानं तोडला, बाईंनाही ठाऊक नव्हतं.

नथूनं वखारीच्या खिडक्यांना गोणपाटं लावली, ट्रकची बॅटरी आणून दिवा पेटवला, आणि दुपारच्या सुट्टीत झाईहून कामाला आलेल्या बायांना खेळ दाखवला. त्याला वाटलं, आता किंकाळ्या फुटणार. भूत दारात आलं. बायांनी काय करावं?

"अगं बाय, पावना दारात आलाय नि हा मेला बसलाय तसाच!"

"पान मांड की रे त्याचं, टकल्या!"

"पाणी तरी विचार. कसा सुकलाय बिचारा!"

नथू यंत्र फिरवता फिरवता ओरडला, "अरे, घाबरा ना! भूत हाय ते, भूत!"

"असंल भूत. उपाशी हाय ते दिसत नाय काय तुला?"

दुसऱ्या खेळाला त्यानं भूत येताच पत्रा बडवला. कोपऱ्यात झोपलेला हमाल उठला आणि त्यानं नथूच्याच आईबापाचा उद्धार केला. भुताला कोणी भ्यालं नाही. वर्षभर हेच. दर खेळाला रीळ तिथंच तुटायचं आणि बाया उठताना विचारायच्या, "बसवला का नाय शेवटी त्याला?"

मग एके दिवशी करंडी अर्धी सोडून तो माझ्यापाशी आला. "वहिनी, बाया बोलतात ते खरं हाय. त्याला बसवायला पायजे. शेवट मी काढतो."

आमच्या ह्यांना हे काही पटेना. हे वाचणारे, चष्मेवाले. म्हणाले, "अरे नथू, नावाजलेली गोष्ट ती. लिहिणाऱ्यानं शेवट काय केलाय ते तरी विचार." म्हणून बानूबाईंना पत्र घातलं. उत्तर आलं, पुस्तकात भूत एक शब्द न बोलता रात्रभर तसंच उभं राहतं आणि कोंबडा आरवला की निघून जातं. मी पत्र वाचून दाखवलं. नथू मटकन खाली बसला.

"रातभर उभा? कोण लिहितं असलं? त्याला काय आय नव्हती?"

झालं. महाबळेश्वरचं रीळ त्यानं धुण्याच्या सोड्यात भिजवलं. बुरशी, टेकड्या, घोड्यावर बसलेल्या बानूबाई, सगळं गटारात वाहून गेलं. उरली काचेसारखी कोरी पट्टी. त्यावर नखाएवढे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात टाकानं एक चित्र. एका सेकंदाला सोळा चित्रं लागतात, म्हणायचा. भिंगाला डोळा लावून तो रोज संध्याकाळी उजेड असेपर्यंत बसायचा. मध्येच कोणी हाक मारली तर, "थांबा, भूत सुकतंय."

इथपर्यंत ठीक होतं. पण भुताला जेवायला बसवायचं तर माणूस जेवतो कसा, हे बघायला नको? नथू जेवणाच्या वेळी येऊन आमच्या ह्यांच्या समोर उकिडवा बसायला लागला.

"मालक, तो घास परत. हळू. कोपर आधी का बोटं आधी?"

"अरे, मला जेवू दे!"

"जेवा ना. मी कुठं नको बोलतोय? फक्त परत."

एकेका घासाला पस्तीस चित्रं. चार दिवसांत हे आतल्या खोलीत दार लावून जेवायला लागले. मग नथू गावात फिरला. जेवणाच्या वेळी तो गल्लीत दिसला की आया पोरांच्या ताटांवर परात उपडी घालायच्या. त्याच्यामागे मीठमिरच्या ओवाळून टाकायच्या. एका लग्नात वरबापासमोर बसून त्यानं, "भात कालवताना जरा थांबा," म्हटलं, तेव्हापासून त्याला पंगतीचं बोलावणंच बंद झालं.

मी त्याला आमच्याकडेच वाढायची. मासे आवडीनं खायचा, पण गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, असली की ती पानाच्या कडेला सारून उठायचा. चिंबोरीसुद्धा न सोडणारा माणूस!

"अरे, गाबोळी का टाकलीस?"

"ती कोणी तरी घातली पायजे, वहिनी."

"मीच घातली ना?"

"तसं नाय." आणि हात धुवायला गेला. मी म्हटलं, असेल काही खूळ. त्याची काय कमी होती?

जानकीआयच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. समोर आलेल्याला ती आवाजावरून ओळखायची, पण अंगावर उजेड असला तर थोडं दिसायचं. नथूची घाई वाढली. करंड्यांत चिकू वेडेवाकडे पडायला लागले. ह्यांनी झापलं तर म्हणाला, "मालक, कापा मजुरी. आयला दिसतंय तोवर झालं पायजे." मला वाटलं, लेकाची हौस, आईनं कौतुक करावं एवढंच. त्यात गैर काय?

मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि झाईच्या पुढे सरहद्द आली, त्याच्या पुढल्या वर्षी नाताळात रीळ पुरं झालं. खेळ नाताळच्याच दिवशी, अडीचला. बानूबाई मुद्दाम आल्या. जानकीआयला चिकूच्या ट्रकात पुढे बसवून आणलं आणि पडद्याच्या अगदी पुढ्यात उलट्या करंडीवर बसवलं. धोतराचाच पडदा. वखार गच्च भरली.

यंत्र खडखडू लागलं. बर्फ पडला, दार उघडलं, भूत येऊन उभं राहिलं. मग यंत्रात टक् असा आवाज झाला. तो नथूनं दिलेला जोड. तिथून पुढे सगळं बदललं. रेषा जाड झाल्या, थरथरायला लागल्या. टेबल गेलं, पाट आले. पक्षी गेला, मासा आला. विलायती म्हाताऱ्यानं टुणकन मांडी घातली, केळीचं पान ओढलं आणि भुताला हातानं खूण केली. भूत वाकलं, आणि बसलं!

"आ तो बेसी गयो!" बानूबाई टाळ्या पिटत ओरडल्या. बायांनी तर वखार डोक्यावर घेतली. कोणी म्हणालं, "वाढ, वाढ, भात वाढ!"

भुतानं घास घेतला नाही. आधी आपल्या पानातली गाबोळी उचलली आणि म्हाताऱ्याच्या पानात घातली. म्हाताऱ्यानं ती परत सारली. भुतानं पुन्हा त्याच्या पानात घातली आणि वर हात दाबून धरला. मग दोघंही जेवायला लागले.

मी ज्यांना जेवताना बघितलंय, त्यांच्यातलं कोणीच असं जेवत नव्हतं. ना आमचे हे, ना तो वरबाप. मला तेव्हा कुठं कळलं, चित्रं कोणाची होती. मागच्या बाया अजून हसत होत्या. जानकीआय नाही.

"नथ्या," ती म्हणाली, "परत फिरव."

त्यानं परत फिरवलं. गाबोळी उचलली, घातली, परत सारली, पुन्हा घातली.

"परत."

किती वेळा फिरवलं, मी मोजलं नाही. हळूहळू बायांनी डोक्यावरून पदर घेतले. नथू एका हातानं यंत्र फिरवत होता आणि पडद्याकडे न बघता आईच्या पाठीकडे बघत होता. शेवटी ती उठली. पडद्याजवळ गेली, भुताच्या हातावर आपला हात ठेवला. चित्र तिच्या बोटांवर हालत राहिलं.

"अकरा वर्सं उभा ठेवला मी त्याला," म्हणाली.

आणि पदर सावरून, "चला, ट्रक निघंल," म्हणून बाहेर पडली.

पुढल्या भाद्रपदात झाईला रामाचं पान मांडलं गेलं. भात, वडे, आणि एका कडेला गाबोळी. भावकीतला एक म्हातारा कुरकुरला, पितरांना हे चालतं का म्हणून. जानकीआय म्हणाली, "माझ्या लेकाचं मला विचार." कावळ्यानं फार वेळ लावला नाही.

मी नथूला नंतर एकदाच विचारलं, "रामाच ना रे तो, तुझ्या पानात गाबोळी घालणारा?"

"कोण रामा? भूत हाय ते, वहिनी. विलायतेचं." आणि करंडीत गवत घालायला लागला. पण परवा जेवताना मी माझ्या पानातली गाबोळी उचलून त्याच्या पानात टाकली, ती खाल्ली त्यानं.

जानकीआयला आता काहीच दिसत नाही. तरी नाताळ आला की ट्रकात बसून येते, उलट्या करंडीवर बसते. यंत्र खडखडतं, ती कान देऊन ऐकते. जोडाचा टक् झाला की मनात काही मोजत असावी, कारण बरोब्बर त्या जागी मान हलवून म्हणते, "घातली बघ." आणि पडद्यावर त्याच क्षणी भूत गाबोळी घालत असतं. एकदाही चुकलेली नाही. ते रीळ आता झिजलंय, नथूच्या रेषा पुसट झाल्यात. त्याला म्हटलं, पुन्हा काढ. म्हणतो, "हालतंय ना अजून?"

तर आता लांबून वाचणं पुरे. या नाताळात या. स्टेशनावर उतरून वखार कुठं ते कोणालाही विचारा, भुताची म्हटलं की पोचवतील. अडीचच्या आधी या, म्हणजे आमच्याकडेच दोन घास जेवून घ्याल. समोर एक माणूस उकिडवा बसून तुमच्या हाताकडे टक लावून बघेल. त्याला रागावू नका. हळू जेवा.