गेनूभाऊंची वाघाटी

ही गोष्ट सांगायचं मी पन्नास वर्षं टाळलं. गेनूभाऊंच्या गमती मी ठिकठिकाणी सांगितल्या, लोकांना हसवलं, आणि दर वेळी एका जागी येऊन गप्प झालो. आज गप्प होणार नाही.

गेनूभाऊ उसात शिरण्याआधी दोनदा खाकरायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "हाय का कुनी घरात? येतोय बरं का!" आत रानमांजराची मादी असायची. बाईमाणसाच्या घरात न खाकरता जाऊ नये, हा त्यांचा नियम.

राहुरीजवळच्या आमच्या गावात ते उसाचे राखणदार आणि मी शाळेवर मास्तर, वय तेवीस. धरणाचं पाणी नुकतंच आलं होतं. ऊस वाढला, उसात उंदीर वाढले, उंदरांमागून रानमांजरं आली. गाव त्यांना कोंबडीचोर म्हणायचं. गेनूभाऊ म्हणायचे, "बिनपगारी राखनदार हाय त्ये, माझ्यावानी झोपत बी न्हाई." पुरावा म्हणून रानमांजराची वाळलेली विष्ठा ते कागदाच्या पुडीत खिशात बाळगायचे. एकदा लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढत असताना कुणीतरी चोरीला गेलेल्या कोंबडीचा विषय काढला. गेनूभाऊंनी तिथंच पुडी सोडली आणि काडीनं चुरा केला.

"बघा पाव्हनं, कोंबडीचं पीस हाय का एक तरी? ह्या समद्या उंदराच्या दाढा. मोजा की!"

पाव्हण्यांनी दाढा मोजल्या नाहीत, पण बुंदीलाही हात लावला नाही.

तोडणीच्या दिवसांत तर विचारू नका. कुठं पिल्लं असल्याचा वास लागला, की तेवढ्या चार सऱ्या गेनूभाऊ तोडू देत नसत. ऊसतोड्यांच्या टोळीचा मुकादम पाथर्डीकडचा, तोंडाचा फटकळ.

"गेनूभाऊ, तुमच्या बाळंतिनीपायी माझी टोळी बसून हाय! बारसं कधी, त्येवढं सांगा."

"डोळं उघडलं की. तवर पलीकडनं तोडा."

आणि टोळी खरंच पलीकडून तोडायची. ज्याला सही येत नव्हती त्याच्या शब्दावर वीस कोयते मागं फिरताना मी पाहिलेत, आणि असा माणूस मला जवळून पाहायला मिळाला याचा अभिमान अजून वाटतो. आता शिकलेली मंडळी कॅमेरे घेऊन रानमांजरं शोधत येतात. ती जे सांगतात त्यातलं पुष्कळसं मी गेनूभाऊंच्या तोंडून तेव्हाच ऐकलं होतं.

त्या शब्दाची किंमत मी घालवली.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या हंगामात एका सकाळी टोळीला उसात दोन ठिपक्याठिपक्यांची पिल्लं सापडली. बाया ओरडत बाहेर पळाल्या. मला बोलावणं आलं. शाळेतल्या तक्त्यावर मी बिबट्याचं चित्र पाहिलेलं होतं. "बिबट्याचीच!" असं मी जाहीर करून टाकलं. तेवढ्यात पलीकडच्या मळ्यातून गेनूभाऊ आले. त्यांनी पिल्लं पाहिली आणि हसले.

"मास्तर, वाघाटी हाय ही. बिबट्याच्या पिल्लाचा पंजा लाडवायेवढा आसतो. हिचा बघा, बोरायेवढा. ठिपकं बी काळं न्हाईत, गंजल्यावानी हायेत. हुती तितं ठिवा, आई सांजंला उचलून न्हील."

सगळा गाव भोवती उभा होता. माझे विद्यार्थी सगळ्यांत पुढं. मी म्हणालो, "गेनूभाऊ, पुस्तकं तुम्ही वाचलीत का मी?"

लोक हसले.

"तुमचंच खरं आसंल," गेनूभाऊ म्हणाले, "पर पिल्लं हितं ऱ्हाऊ द्या."

मी ती टोपलीत घालून एस.टी.नं नगरला नेली. जंगलखात्याच्या साहेबांनी टोपलीत डोकावून कपाळाला हात लावला.

"गुरुजी, ही वाघाटी! जगात हिच्याहून लहान रानमांजर नाही. पुरती वाढली तरी घरच्या मांजराएवढीसुद्धा होत नाही. तुमच्या गावात कुणालाच ओळखता आली नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"आत्ताच्या आत्ता परत न्या. आईजवळ ठेवा."

एक पिल्लू स्टँडवरच गेलं, दुसरं राहुरीच्या अलीकडे. मी ती ओढ्याकाठी पुरली आणि गावात सांगितलं, बिबट्याचीच निघाली, साहेबांनी ठेवून घेतली.

बिबट्या हिंडत असताना वाघाटी म्हणणारा राखणदार कुणाला हवा? गेनूभाऊंची राखण गेली. टोळी हवी तिथून तोडू लागली. पोरं त्यांना पाहून "म्याव" करायची. त्यांनी वाद घातला नाही. मला फक्त विचारलं, "दूध पेली का?"

"प्यायली."

"मंग जगतील. बिबट्या म्हना न्हाईतर काय बी म्हना."

घरात त्यांना बोलायला कुणी नव्हतं. मी नगरला जाऊन आलो की ते शाळेच्या पायरीवर येऊन बसायचे. "मास्तर, बघून आला का? केवढी झाली?" मी हातानं उंची दाखवायचो, दर वेळी थोडी जास्त. एकदा माझा हात गुडघ्यापर्यंत गेला. गेनूभाऊंनी तो हलकेच खाली दाबला.

"येवढीच, मास्तर. ह्याच्या वर न्हाई वाढत ती."

माझी बदली झाली तेव्हा ते मला सोडायला गाडीपर्यंत आले. मी खिडकीतून हाक मारली, "गेनूभाऊ..."

"काय, मास्तर?"

"काही नाही. तब्येतीला जपा."

दोन वर्षांनी ते गेल्याचं पत्रानं कळलं. तेव्हा खिडकीतून एवढंच म्हणायचं होतं: गेनूभाऊ, ती वाघाटीच होती. साहेबही तेच म्हणाले. दोन्ही माझ्या हातात मेली. मला माफ करा.