भूखंड क्रमांक चौदाचा कर्नल

भाऊसो खराडे यांनी एकदा मोजलेली जमीन पुन्हा कोणी मोजत नसे. भूमापन खात्यातल्या चौतीस वर्षांच्या सेवेत त्यांनी शिराळ्याच्या डोंगरउतारापासून जतच्या उघड्या माळापर्यंत शेकडो बांधांवर साखळी ओढली होती. सख्खे भाऊ एकमेकांवर काठ्या घेऊन धावले, वकिलांनी टेबले बडवली, परंतु भाऊसोंचा आकडा इंचभरही हलला नाही. त्यांच्या एकाही मोजणीवर फेरमोजणीचा शेरा पडला नव्हता. ही गोष्ट ते निवृत्तीनंतर दिवसातून एकदा तरी सांगत. ऐकायला दुसरे कोणी नसले, तर पत्नी संयोगिताबाई असतच.

"चौतीस वर्षांत एक शेरा नाही," ते म्हणत.

"घ्या आता चहा," संयोगिताबाई म्हणत.

सांगलीच्या विश्रामबागेत ज्या वसाहतीत त्यांनी घर बांधले, तिथे त्यांचा भूखंड चौदावा. पूर्वेच्या कुंपणभिंतीवर त्यांनी क्रोटनच्या अकरा कुंड्या मांडल्या होत्या. दोन कुंड्यांमध्ये बरोबर नऊ इंच. भिंतीपलीकडे, पंधरा नंबरात, जोतीराम कोळेकर राहत. जतकडच्या मेंढपाळ घराण्यातला माणूस, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्यांनी आपल्या बाजूने याच भिंतीला टेकवून पत्र्याचे एक छप्पर उभारले होते आणि त्या छपरात कर्नल राहत असे.

कर्नल हा दख्खनी मेंढा होता. अंगाने काळाभोर, शिंगे दोन वेटोळी घेऊन गालाशी आलेली, नाक बाकदार, आणि चालण्यात वरातीपुढे बँड लागण्याची वाट पाहणाऱ्या नवरदेवाचा तोरा. नावाचे कारण जोतीराम न विचारता सांगत. "बावीस वर्सं कर्नलसायबाचं ऐकलं. आता कर्नल माझं ऐकतोय."

ऐकत मात्र तो फक्त जोतीरामांचेच. रोज सकाळी भाऊसो पूजेला बसले, की कर्नल चार पावले मागे जाई, मान खाली घाली आणि भिंतीला एकच टक्कर देई. भाऊसो पूजा आटोपून फूटपट्टीसह बाहेर येत आणि कुंड्यांमधली अंतरे मोजत: सात इंच, अकरा इंच, एकदा तर पाच. ज्या माणसाने दोन तालुक्यांमधली हद्द सरळ राखली, त्याला एका मेंढ्यापुढे अकरा कुंड्या ओळीत ठेवता येईनात, हे दुःख सांगण्यासारखे नव्हते आणि गिळण्यासारखेही नव्हते.

"जोतीराम, हे शहर आहे," एके दिवशी ते भिंतीवरून म्हणाले.

"व्हय की. म्हणून तर एकच ठेवलाय. गावाकडं तीनशे हायत."

"वसाहतीत जनावर पाळता येत नाही."

"कुठं लिवलंय?"

आणि खरोखरच ते कुठे लिहिलेले नव्हते. वसाहतीच्या नियमावलीत पाण्याच्या टाकीपासून गच्चीवरच्या वाळवणापर्यंत सर्व काही होते. जनावर तेवढे राहून गेले होते. चौतीस वर्षे जो माणूस लिहिलेल्यावाचून एक पाऊल टाकत नव्हता, त्याला हा प्रश्न वर्मी लागला. त्याच दुपारी भाऊसोंनी कागद पुढे ओढला आणि सात कलमांचा मसुदा सिद्ध केला.

सर्वसाधारण सभेला अध्यक्ष होते उदयसिंह. त्यांचे औषधांचे दुकान होते आणि अर्धी वसाहत त्यांचे गिऱ्हाईक असल्याने कोणालाही न दुखावणे हे त्यांचे धोरण होते. "सगळ्यांनी शांतपणे बोला," असे ते म्हणाले आणि सगळे एकदम बोलू लागले. नाथाजींनी माश्यांचा प्रश्न काढला. कोणी कोंबड्या जनावरात मोडतात का विचारले. कोणी कुत्र्याला जनावर म्हणायचे की नातेवाईक, असा पेच टाकला. कोपऱ्यावरच्या हरणाबाई सत्तरी उलटलेल्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"चाळीस वर्सं म्हशी पाळल्या मी. ते दूध पिऊन थोराड झालेली माणसं आता शेणाच्या वासाला नाकं मुरडायला लागली व्हय? ह्या नाथाजीला तर मीच धारोष्ण पाजलंय."

नाथाजी खाली बसले. भाऊसो उभे राहिले.

"प्रश्न वासाचा नाही, अंतराचा आहे," ते म्हणाले. "जनावराच्या छपरापासून शेजाऱ्याच्या घरापर्यंत किमान वीस फूट अंतर असावे, हे पहिले कलम. ज्याचे भरत नसेल, त्याने आठ दिवसांत जनावर वसाहतीबाहेर न्यावे, हे दुसरे."

"पर मेंढा माझा न्हाईच," जोतीराम बसल्या जागेवरून म्हणाले. "मेव्हण्याचा हाय. पाव्हणा म्हणून आलाय."

"किती दिवसांसाठी?"

"पाव्हण्याला असं इचारत्यात व्हय, भाऊसो?"

सभा खदखदून हसली. भाऊसो हसले नाहीत. त्यांनी जागच्या जागी चौथे कलम फिरवून लिहिले आणि एकेक शब्द तोलून वाचले: जनावर कोणाच्या मालकीचे आहे याची चौकशी न करता, ते ज्या भूखंडावर उभे असेल, त्या भूखंडाचा धारक हाच पशुपालक समजला जाईल. सातव्या कलमाने प्रत्येक पशुपालकाचे नाव वसाहतीच्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लावायचे होते. "दंडाला माणूस भीत नाही, नावाला भितो," असे त्यावर त्यांचे भाष्य होते.

मसुदा एकमताने मंजूर झाला. जोतीरामांनीही हात वर केला.

"या नियमात सुई शिरेल एवढी फट दाखवा," भाऊसो घरी येऊन म्हणाले.

संयोगिताबाई त्या वेळी भिंतीपाशी उभ्या राहून कर्नलला शिळी भाकरी चारत होत्या. त्यांनी काही दाखवले नाही.

रविवारी सकाळी पाहणी ठरली. उदयसिंह कापडी टेप घेऊन आले, मागोमाग अर्धी वसाहत. त्यांनी भाऊसोंच्या घरापासून पलीकडच्या छपरापर्यंत टेप धरला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

"अकरा फूट. पाहिजेत वीस. निकाल लागला. चला, चहा घेऊ."

मनुबाई, म्हणजे जोतीरामांची बायको, पदराने डोळे पुसू लागल्या. कर्नलला त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवले होते. जोतीरामांनी कर्नलच्या मानेवर हात ठेवला. प्रकरण तिथेच संपले असते आणि भाऊसो जिंकले असते. परंतु कापडी टेप पाहूनच त्यांच्या कपाळावर आठी उमटली होती.

"थांबा," ते म्हणाले. "याला मोजणी म्हणत नाहीत. कापड ताणले की वाढते. शिवाय नोंद करताना छप्पर कोणत्या भूखंडात आहे हे लिहावे लागेल, आणि त्यासाठी आधी हद्द कायम झाली पाहिजे."

"हद्द ही काय, भिंत आहे की," उदयसिंह म्हणाले.

"भिंत गवंडी बांधतो. हद्द नकाशा ठरवतो."

"भाऊसो, अकरा फूट आले आहेत. तुमच्याच बाजूचा निकाल आहे."

"माझ्या बाजूचा आहे म्हणून मी तो कच्चा स्वीकारू?"

भाऊसोंनी घरातून पोलादी टेप आणि वसाहतीचा मूळ नकाशा आणला, रस्त्याच्या कोपऱ्यावरचा हद्दीचा दगड शोधला आणि तिथून मोजायला सुरुवात केली. त्या दिवशी ते पुन्हा चाळिशीतले झाले. "टेप सैल नको," "खाली वाका," "आकडा मोठ्याने," अशा आज्ञा सुटू लागल्या. टेप त्यांच्या घरावरून पुढे आला, कुंड्यांच्या भिंतीला येऊन भिडला, आणि नकाशातला आकडा अजून पुरा झाला नव्हता. भाऊसोंनी भिंतीवरून टेप पलीकडे टाकायला लावला. तो कर्नलच्या छपरापलीकडे गेला आणि मनुबाईंच्या धुण्याच्या दगडाशी जाऊन थांबला.

"यावर पाणी ओता," भाऊसो म्हणाले.

मनुबाईंनी तांब्या ओतला. साबणाचे नऊ वर्षांचे थर निघाले आणि दगडाच्या माथ्यावर छिन्नीने कोरलेली फुली स्वच्छ दिसू लागली. हद्दीची खूण. भिंत बांधणाऱ्या गवंड्याने ती सहा फूट दोन इंच अलीकडे, भाऊसोंच्याच जागेत बांधली होती.

गर्दीतून कौतुकाचा हुंकार उमटला. भाऊसोंची छाती फुगली. नऊ वर्षे वसाहतीतल्या एकालाही जी चूक दिसली नाही, ती त्यांनी एका सकाळी सिद्ध केली होती. ते त्या दगडावर पाय ठेवून उभे राहिले. "लिहा, उदयसिंह. इथपर्यंतची जागा भूखंड क्रमांक चौदाची. भाऊसो खराडे यांनी मोजली. यात बदल होणे नाही."

उदयसिंहांनी लिहिले. पंचांच्या सह्या झाल्या. भाऊसोंनी शेवटी आपली सही केली, खाली तारीख घातली, आणि तेव्हा जोतीराम हळूच म्हणाले, "मग कर्नल तुमच्या जागेत हाय म्हणायचा."

पाच फूट रुंदीचे ते छप्पर भिंत आणि दगड यांच्या मध्ये उभे होते. सगळ्यांनी ते पाहिले. उदयसिंहांनी खिशातून नियमांचा कागद काढला आणि चौथे कलम मनातल्या मनात वाचले, मग पहिले वाचले, मग टेप धरून छपरापासून जोतीरामांच्या घरापर्यंतचे अंतर घेतले.

"एकवीस फूट," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पशुपालक भाऊसो. शेजारी जोतीराम. शेजाऱ्याच्या घरापासून अंतर वीसच्या वर. भाऊसो, तुमचा मेंढा नियमात बसतोय."

"माझी काय बी तक्रार न्हाई," शेजारी म्हणाले.

हरणाबाई तोंडाला पदर लावून बाजूला वळल्या. उदयसिंहांनी भाऊसोंना चार पावले दूर नेले. "हे पहा, मोजणीत काही चूक झाली असेल असे म्हणा. मी हा कागद फाडतो. भिंत हीच हद्द धरू. मेंढा आठ दिवसांत बाहेर."

भाऊसोंनी एकदा कुंड्यांकडे पाहिले. त्या सकाळच्या टकरीने पुन्हा वाकड्या झाल्या होत्या. मग त्यांनी दगडावरच्या फुलीकडे पाहिले.

"मोजणीत चूक नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फलकावर ठळक अक्षरे लागली: पशुपालकांची नोंद. एक, श्री. भाऊसो खराडे, भूखंड क्रमांक चौदा. पशू, मेंढा. संख्या, एक. हरणाबाई जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, "आवं भाऊसो, जोडीला एखादी शेळी बी ठिवा की." भाऊसोंनी फक्त एकच दुरुस्ती सुचवली: नोंदीत हद्दीचा फरक सहा फूट लिहिला होता, तो सहा फूट दोन इंच करून घेतला.

माणसाच्या नावावर एखादी वस्तू चढली, की ती हळूहळू मनावरही चढते. पंधरवड्यात भाऊसोंनी कुंड्या पश्चिमेच्या भिंतीवर हलवल्या, कारण कर्नलच्या डोक्याला त्या लागण्याचा संभव होता. महिनाभरात ते पाहुण्यांना दिवाणखान्याऐवजी छपराकडे नेऊ लागले. "शिंगाचे वेटोळे पाहा. दोऱ्याने मोजले आहे मी. डावे आणि उजवे यांत सुताचा फरक नाही." जोतीराम मागे उभे राहून मान डोलवत. वैरण त्यांची, पाणी त्यांचे, मेंढाही त्यांचा. अभिमान तेवढा भाऊसोंचा, अशी वाटणी दोघांनाही मानवली होती.

दिवाळीनंतर आटपाडीकडे मेंढ्यांचे प्रदर्शन भरणार होते. अर्जात पशुपालकाचे नाव विचारले होते, ते फलकाप्रमाणे भाऊसोंचे पडले. मापेही विचारली होती, आणि ती भाऊसोंनी दोन दिवस घेतली. उंची, लांबी, कान, शिंगे. छातीचा घेर अडतीस इंच. खाली सही, आणि सहीखाली, कोणी मागितले नसताना, "निवृत्त भूमापक."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी भाऊसोंना इस्लामपूरला पुतण्याच्या लग्नाला जावे लागले. सकाळी ते परस्पर मैदानावर पोहोचले, ते लग्नातला फेटा बांधूनच. कर्नल आधीच आला होता. तो भलताच देखणा दिसत होता, तुकतुकीत आणि आटोपशीर. एवढ्या जनावरांत आपलेच असे उठून दिसावे, या समाधानात भाऊसोंनी पुढचा विचार केला नाही.

परीक्षकांनी कर्नलभोवती टेप गुंडाळला, अर्ज पाहिला, पुन्हा गुंडाळला. "पस्तीस," ते म्हणाले. मग त्यांनी लाल पेन काढले आणि अर्जावर लिहिले: अर्जदाराची मोजणी चुकीची. फेरमोजणीने दुरुस्त.

त्यानंतर त्यांनी पहिला क्रमांक कर्नलला दिला. हलगी वाजली, भाऊसोंच्या हातात ढाल आली, मनुबाईंनी कर्नलला ओवाळले. ढाल छातीशी धरून भाऊसो त्या लाल ओळीकडे पाहत उभे होते.

"हसा की भाऊसो," जोतीराम म्हणाले. "पयला आलाय आपला."

"शेरा पडला, जोतीराम."

"त्यात तुमची काय चूक? काल म्या लोकर कातरली त्येची. म्हटलं, परदर्शन हाय, जरा नीटनेटका दिसू द्या."

भाऊसोंनी कर्नलच्या कातरलेल्या अंगावरून हात फिरवून पाहिला. "जमिनीच्या बाबतीत असे कधी होत नाही," ते म्हणाले.

"कसं व्हईल? जमिनीला लोकर न्हाई."

ढाल आता भाऊसोंच्या दिवाणखान्यात आहे, दारातून शिरताच दिसेल अशा उंचीवर. प्रदर्शन समितीकडे त्यांनी अपील दाखल केले आहे. अंगावरची लोकर अर्धा इंच जाडीची असली, तर घेरात तीन इंचांचा फरक पडतो, हे त्यांनी चार पाने गणित करून दाखवले आहे आणि पुरावा म्हणून लोकरीची एक बट सोबत जोडली आहे. उरलेल्या लोकरीत गावाकडची भर घालून मनुबाईंनी घोंगडे विणून आणले. ते पांघरूनच भाऊसोंनी हे अपील लिहिले. उत्तर अजून आलेले नाही.

तोवर आपले नेहमीचे वाक्य त्यांनी थोडे दुरुस्त केले आहे.

"चौतीस वर्षांत एक शेरा नाही," ते म्हणतात, आणि पलीकडून भिंतीवर टक्कर बसल्याचा आवाज येताच क्षणभर थांबून पुढे जोडतात, "जमिनीच्या मोजणीत."

"घ्या आता चहा," संयोगिताबाई म्हणतात.