आजचा दिवस चोरीला जातो

जगात आजवर तीनच खरे गुप्तहेर झाले, असं पाक सास्त्रोविदागदो सांगत असत. तिसरे ते स्वतः. पहिल्या दोघांची नावं विचारली की ते करुणेने हसत आणि म्हणत, "नाव माहीत झालं तर तो गुप्तहेर कसला?"

हे 'पाक' म्हणजे आपलं 'राव'. त्याचा साखरेशी संबंध नाही, आणि सास्त्रोंच्या स्वभावाचाही नव्हता. केदुंगसारीच्या टपाल कचेरीत बत्तीस वर्षं पत्रं निवडून ते निवृत्त झाले होते. पाकिटाच्या नुसत्या वजनावरून आत आनंदाची बातमी आहे की सासू येतेय, हे आपण ओळखत असू, असा त्यांचा दावा होता. शिवाय त्यांचा जन्म! आईने त्यांना गुरुवारी संध्याकाळी जन्म दिला खरा, पण तोवर दिवे लागले होते, म्हणजे शुक्रवार सुरू झाला होता. तोही साधासुधा नाही, जावाच्या पंचांगातला क्लिवोनचा शुक्रवार, ज्या दिवशी तिथली भुतंसुद्धा पायाखाली बघून चालतात. अशा मुहूर्तावर आलेल्या माणसाने गुन्हेगारांचा कर्दनकाळ व्हायचं नाही, तर काय पत्रांवर शिक्के मारत बसायचं? बत्तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं, पण ते असो.

ही सगळी माहिती तुकिमिनला तोंडपाठ होती. तो त्यांचा सहायक. म्हणजे त्याची बेचाक ही गुप्तहेर खात्याची सरकारी गाडी. बेचाकमध्ये गिऱ्हाईक पुढे बसतं आणि चालवणारा मागून पायडल मारतो, त्यामुळे गेली सहा वर्षं तुकिमिनने तो थोर मेंदू मागच्या बाजूनेच पाहिला होता. मागून तरी तिथे काही विशेष चालल्याचं दिसत नसे.

तुकिमिनने हँडलला एक छोटा ट्रान्झिस्टर बांधला होता. त्यावर तो रोज न चुकता एकच कार्यक्रम ऐकायचा, रेडिओ केदुंगचा 'आजच्या दिवशी'. केंद्राच्या बोळात तांदळाच्या पापडांच्या एका कारखान्याचं कॅलेंडर टांगलेलं असे, रोज एक पान फाडायचं. पानाच्या मागे त्या तारखेला वेगवेगळ्या वर्षी जगात घडलेल्या तीन गोष्टी छापलेल्या असत. निवेदक विरात्नो त्या वाचून दाखवी. कुठला राजा, कुठलं यंत्र, कुठला धरणीकंप. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली ही मंडळी केवळ तारीख एक म्हणून शेजारी येऊन बसत, याचं विरात्नोला फार अप्रूप होतं. वाचताना त्याचा आवाज असा लागे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे सगळे याच्या घरी जेवायला आलेत.

फक्त त्याला कागद लागे. समोर कागद नसला की विरात्नोची बोबडी वळायची आणि तोंडाला येईल ते बाहेर पडायचं.

केंद्राचे मालक पाक गुनार्तो यांना मात्र राजांचं अप्रूप नव्हतं. "अकरा वर्षं झाली," ते म्हणाले, "या कार्यक्रमाला एक फोन नाही! सकाळी सहाला कोण ऐकणार म्हणा. सोमवारपासून संध्याकाळी सातला ठेवू. एक आठवडा. रविवारपर्यंत एक जरी फोन आला तर ठीक, नाहीतर खोकल्याच्या औषधाचं गाणं लावतो."

विरात्नो दिवसा शेजारच्या गावी बातिकच्या दुकानात कापड मोजायचा. सोमवारी, एकवीस ऑगस्टला, तो बसमधून उतरून पावणेसातला धापा टाकत केंद्रात आला, तर भिंतीवर बावीस तारीख! एकवीसचं पान गायब. सात वाजले. लाल दिवा लागला. विरात्नोने घसा साफ केला आणि अख्ख्या केदुंगसारीला सांगितलं की आजच्या दिवशी नॉर्वेच्या राजाने छत्रीचा शोध लावला.

तुकिमिन त्या वेळी चढावर होता. त्याचं पायडल सुटलं.

मंगळवारीही पान गायब. त्या संध्याकाळी हत्ती पोहत ऑस्ट्रेलियाला गेला. बुधवारी तुकिमिन स्वतःच पाक सास्त्रोंना केंद्रात घेऊन आला. एवढी चूक त्याच्या हातून झाली.

"एकवीस ऑगस्ट!" पाक सास्त्रो भिंतीसमोर उभे राहून म्हणाले. जगातल्या सगळ्या मोठ्या चोऱ्यांच्या तारखा त्यांना पाठ होत्या. "एकोणीसशे अकरा साली याच दिवशी पॅरिसमधून मोनालिसा पळवली गेली. आणि त्याच दिवसाचं पान चोरीला जातं! मिन, यामागे चोरांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. जुनी बदनामी पुसून टाकताहेत."

"मग बावीसचं का नेलं, पाक?"

"सवयीने."

विरात्नो हळूच म्हणाला, "पाक, मी एखाद्या दिवशी सुट्टी काढून दुपारीच पान उतरवून घेऊ का? निदान वाचायला तरी..."

"खबरदार! ते पान आता पुरावा आहे. पुराव्याची नक्कल केली की चोर सावध होतो. तुम्ही हताश दिसत राहा. छान जमतंय तुम्हाला."

विरात्नोने मान खाली घातली. तुकिमिनला त्याची दया आली, पण सहायकाला दया दाखवण्याचा अधिकार नव्हता.

केंद्राच्या मागच्या ओसरीवर म्बाह जुमिराची चहाची टपरी होती. म्बाह म्हणजे आजी; म्हातारी सत्तरीची. जागेच्या मोबदल्यात ती केंद्राचा झाडूपोछा करी, तिन्हीसांजेला खिडक्या लावी, दिवे लावी. तिने आल्याच्या गरम चहाचा पेला आणि तळलेल्या शेंगदाण्यांची पुडी पाक सास्त्रोंच्या पुढ्यात ठेवली.

"पाक, त्या पानाचं म्हणाल तर..."

"म्बाह, तपास चालू आहे. साखर जास्त टाका."

गुरुवारी मोठाच धागा हाती लागला. कॅलेंडरखालच्या भिंतीवर तेलकट बोटांचे ठसे होते. पाक सास्त्रोंनी नाक भिंतीला टेकवलं. "खोबरेल! चोर डोक्याला खोबरेल चोपडतो. पैजेवर सांगतो, हे पाक गुनार्तोचं काम. कार्यक्रम बंद करायची घाई त्यालाच आहे."

"पाक, पण त्यांच्या डोक्यावर एक केस नाही."

पाक सास्त्रोंचे डोळे चमकले. "बघ, माणूस किती पुढचा विचार करतो! आधी केस घालवले, मग चोरी केली."

"खोबरेलात तळतातसुद्धा," तुकिमिन पुटपुटला.

"मिन, तू रिक्षा चालव."

शुक्रवारी त्यांनी वेळ पक्की केली. पाच वाजता पान असतं, सहाला नसतं. मधे काय घडतं? मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची नमाज. सगळा गाव मशिदीत. म्हणजे चोर कोण? जो मशिदीत जात नाही तो! केंद्राचा तंत्रज्ञ मार्कुस कॅथलिक होता. पाक सास्त्रो त्याच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

"पावणेसहाच्या सुमाराला तुम्ही कुठे होता?"

"इथेच, खुर्चीत."

"साक्षीदार?"

"सगळा गाव," मार्कुस म्हणाला. "अजानची टेप मीच लावतो ना! बाकीच्यांना नमाजला जायचं असतं. पंधरा वर्षं झाली. टेप मधे अडकते, म्हणून बोट धरून बसावं लागतं."

ज्या अजानवर पाक सास्त्रो स्वतःच रोज हातपाय धुऊन, वजू करून मशिदीकडे निघत, ती साक्ष फेटाळायची कशी? त्यांनी नाइलाजाने मार्कुसला निर्दोष सोडलं आणि शेंगदाणे मागवले.

"पाक, मी काय म्हणते, ते पान..."

"म्बाह, मीठ कमी आहे."

शनिवारपर्यंत विरात्नोने जगाचा इतिहास पार मोडीत काढला होता. स्वित्झर्लंडचं आरमार बुडालं, चंद्रावर भातशेती झाली. फोन काही वाजला नाही. शनिवारी कार्यक्रमानंतर तो ओसरीवर बसला आणि तुकिमिनला म्हणाला, "खोकल्याचं गाणंच बरं, पाक. त्याने निदान खोकला तरी जातो. माझं अकरा वर्षं कोणी ऐकलंच नाही."

"मी ऐकतो की," तुकिमिन म्हणाला.

"तुमच्याकडे फोन नाही."

ते खरं होतं. तुकिमिनला त्या रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी, सत्तावीस ऑगस्टला, पाक सास्त्रोंनी निर्वाणीचा पवित्रा घेतला. दुपारी तीनपासून ते कॅलेंडरसमोर खुर्ची टाकून बसले. पानाच्या कोपऱ्यात दोरा ओवला आणि त्याचं दुसरं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. साडेपाचच्या पुढे मार्कुसच्या टेपवर अजान सुरू झाली. पाक सास्त्रो उठले आणि त्यांनी दोरा सोडला.

"नमाज चुकवता येत नाही. मिन, तू पडद्यामागे थांब. तुझी नमाज मी परत आल्यावर पढ. चोर दिसला तर आरोळी ठोक, पण त्याच्याशी बोलू नकोस. चोर वाक्चतुर असतात."

तुकिमिन पडद्यामागे उभा राहिला. बोळात पावलं वाजली. कुणीतरी खिडक्या ओढून घेतल्या, दिवा लावला. मग टर्र करून कागद फाटला.

पडद्याच्या फटीतून त्याने पाहिलं, आणि आरोळी ठोकायची राहूनच गेली.

"म्बाह! तुम्ही?"

"मग कोण?" म्हातारी पान कमरेला खोचत म्हणाली. "आणि तू पडद्यात काय करतोस? पोट दुखतंय का?"

"अहो, पान का फाडलंत?"

"दिवे लागले. दिवस संपला. संपलेल्या दिवसाचं पान भिंतीवर ठेवायचं का? पंधरा वर्षं मीच फाडतेय. तुम्हाला काय वाटलं, आपोआप गळतं?"

तुकिमिनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अकरा वर्षं सकाळचा कार्यक्रम होता, तोवर कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. सोमवारपासून तो दिवेलागणीच्या पलीकडे गेला, आणि म्हातारीच्या हिशोबाने दिवस आधीच पालटलेला असे.

"म्बाह, मग सांगितलं का नाहीत?"

"रोज सांगतेय! तुझे साहेब साखर मागतात, मीठ मागतात. ऐकतात कुठे?"

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी भिंतीवर अठ्ठावीस तारीख पाहिली, जमिनीवर पडलेला दोरा पाहिला आणि हात वर केले. "मिन! चोर अदृश्य आहे!"

"चोर इथे उभ्या आहेत, पाक. म्बाहनी दिवे लावल्यावर पान फाडलं. रोजच फाडतात. दिवस संपतो म्हणून."

"अशक्य! तारीख रात्री बाराला बदलते."

"बाराला बघायला जागं कोण असतं?" म्हातारी म्हणाली. "आणि तुमचा जन्म हो, पाक? गुरुवारी दिवे लागल्यावर झालात, आणि शुक्रवारचा म्हणून साऱ्या गावात मिरवता. तुमच्यापुरता दिवस लवकर पालटतो का?"

बत्तीस वर्षं शिक्क्यावरची तारीख पाक सास्त्रोंनी घड्याळ बघून बदलली होती, आणि आयुष्यभर वाढदिवस दिव्यावर मोजला होता. दोन्ही हिशोब एकाच डोक्यात असूनही त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

"आधीची सहा पानं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. "पुरावा?"

"शेंगदाण्यांच्या पुड्या. सगळ्या तुम्हीच संपवल्यात."

पाक सास्त्रोंनी खिशातून डायरी काढली, जिभेला पेन्सिल लावली आणि लिहिलं: 'प्रकरण उलगडले. मुख्य गुन्हेगार सूर्य. अटक करणे तूर्त शक्य नाही.'

पावणेसातला विरात्नो आला. तुकिमिनने म्हातारीच्या कमरेचं पान मागून घेतलं आणि त्याच्या हातात ठेवलं. विरात्नोने ते दोन्ही हातांनी धरलं. सात वाजले.

"आज सत्तावीस ऑगस्ट," तो म्हणाला, आणि आवाज परत जुन्यासारखा लागला. "आजच्या दिवशी अठराशे एकोणसाठ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका माणसाच्या विहिरीला खनिज तेल लागलं. आजच्या दिवशी अठराशे त्र्याऐंशी साली आपल्या क्राकाताउ ज्वालामुखीचा असा स्फोट झाला की पावणेपाच हजार किलोमीटर पलीकडच्या बेटावर लोकांना तोफा उडाल्यासारखं वाटलं. आणि आजच्याच दिवशी अठराशे शहाण्णव साली इंग्रज आणि झांजिबार यांचं युद्ध सुरू झालं आणि चाळीसेक मिनिटांत संपलं."

काचेपलीकडे पाक गुनार्तोंनी घड्याळ पाहिलं. मान हलवली. आठवडा संपला होता.

आणि फोन वाजला.

सगळे फोनकडे असे बघत राहिले की जणू त्याला हात लावला तर चावेल. शेवटी मार्कुसने तो थेट प्रक्षेपणात जोडला.

"कोण, विरात्नो का?" एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला. "दिवे लागून तास झाला. आता अठ्ठावीस. तू शिळं काय वाचतोस?"

तो फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा. हायस्कूलचे हेडमास्तर. तारीख बाराला बदलते, रेडिओने अंधश्रद्धा पसरवू नये. तिसरा फोन हेडमास्तरांच्या सासऱ्याचा, जावई मूर्ख आहे हे सांगायला. गावात एकूण चौदा फोन होते आणि औषधांच्या दुकानातल्या फोनपुढे रांग लागली. झांजिबारचं युद्ध चाळीस मिनिटांत मिटलं असेल, केदुंगसारीचं आठ वाजले तरी रंगातच आलं नव्हतं. पाक गुनार्तो दर घंटेला टकलावरून हात फिरवत होते. खोकल्याच्या औषधाचं गाणं त्यांनी सगळ्यांदेखत टोपलीत टाकलं. तुकिमिन दाराशी उभा राहून वेड्यासारखा हसत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग पहिल्या आजींचा फोन पुन्हा आला. "आणि हो, नॉर्वेच्या राजाने छत्री शोधली हे तुला कुणी सांगितलं? तसं लिहिलं म्हणून माझ्या नातवाचा शाळेत मार्क कापला. हत्तीचंही खोटं. आरमाराचंही. गेला आठवडाभर काय झालंय तुला?"

विरात्नोने हातातलं पान खाली ठेवलं. "आजी... तुम्ही रोज ऐकता?"

"रोज ऐकते म्हणजे काय! पहिल्या दिवसापासून. आमच्या गल्लीत सगळेच ऐकतात."

"मग अकरा वर्षांत एकदाही फोन का नाही केलात?"

"अकरा वर्षांत तू चुकलास कधी?" आजी म्हणाल्या. "उगीच कशाला फोन करायचा?"

विरात्नोने पान उलटं केलं, पेन्सिल घेतली आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"आणखी काय काय चुकलं, आजी? सावकाश सांगा. मी लिहून घेतो."