कॅमेऱ्याची दृष्ट

तुम्हाला सांगते, मी कशाला भिणारी बाई नव्हे. अळणावरच्या रानात अस्वल समोर आलं, तेव्हा डोक्यावरचा मोळीचा भारासुद्धा मी खाली ठेवला नव्हता. वाट त्यानेच सोडली. पण उणकलच्या आमच्या नव्या घरात, पाळण्यावर बसवलेल्या टीचभर कॅमेऱ्याने मला भ्यायला लावलं.

तो नातू सुरजने लावला. धारवाडला सुभाष रोडवरच्या दुकानात बसून फोनवर बाळ दिसावं म्हणून. नातसून दीपश्रीचं कामच असली यंत्रं तपासायचं. तिने कॅमेऱ्याचं वायफाय आपल्या लॅपटॉपमधून वळवलं, आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या, वारूळ फुटल्यासारख्या.

"हे काय गं?"

"कॅमेरा बाहेर काय पाठवतो ते पकडतेय, अज्जी. पाकीट बंद असतं, आतलं कळत नाही. वरचा पत्ता तेवढा वाचता येतो."

"सुरजचाच असणार की."

तिने पडद्यावर बोट ठेवलं. "एक ह्यांचा आहे. दुसरा कुठल्यातरी परदेशातला. आपल्याला न विचारता."

म्हणजे तिकडे कोण कोण आमच्या अनिशला टक लावून बघत होतं? पोर कालपासून रडतंय ते काय उगाच?

दीपश्री बाळाला आंघोळीला घेऊन गेली. मी मीठ, मोहरी, मिरच्या काढल्या. एका शेजारणीच्या नजरेला मूठभर मिरच्या लागतात, मग अख्ख्या परदेशाला किती? ब्याडगी नुसती रंगाला चांगली. मी लवंगीची अर्धी पिशवी घेतली, पाळण्यावरून उतरवली, कॅमेऱ्यावरूनही उतरवली, आणि तापल्या तव्यावर ओतली.

नव्या घरांत स्वयंपाकघराला दारच नसतं. धूर थेट पाळण्यावर गेला. तिकडे सुरजला फोनवर पाळणा दिसेना, नुसतं पांढरं, आणि कुणीतरी खोकून खोकून मरतंय. त्याने शेजारच्या बाळाचार्यांना फोन केला. आचार्य पूजेच्या सोवळ्यातच बादली घेऊन धावले.

"बेंकी एल्ली, अक्का? आग कुठंय?"

ठसक्याने मला बोलता येईना. मी छातीवर हात ठेवला. त्यांनी सगळी बादली माझ्यावरच रिकामी केली.

दीपश्री पंच्यात गुंडाळलेल्या बाळाला घेऊन बाहेर आली. मला बघून पोर खदखदून हसलं.

आचार्य डोळे पुसत म्हणाले, "अक्का, दृष्ट असली तर मिरचीचा ठसका लागत नाही. इथं गल्ली खोकतेय. पोराला कुणी बघितलेलंच नाही."

मला बरं वाटलं. दीपश्रीने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. धूर झाला तेव्हाच परदेशाकडे सगळ्यांत जास्त ओळी गेल्या होत्या.

"मग काढून टाक तो मेला कॅमेरा."

"कंपनीला पुरावा द्यायचाय, अज्जी. थोडे दिवस चालू राहू दे."

मी बाळाचं टोपरं कॅमेऱ्याच्या डोळ्यावर ओढून त्याचे बंद घट्ट बांधले. आता सुरजला फोनवर अंधार दिसतो. आणि दीपश्री म्हणते, तो अंधारही रोज इमानाने परदेशात पोचतोय. तिकडे तो कोण बघत बसतं, हे विचारायचं मला अजून धाडस झालेलं नाही.