गोदेस विहिरींत बुडविलें त्याची हकीकत

श्रीवाग्देवी साक्ष. शके सतराशें नव्याण्णव, ईश्वरनाम संवत्सरीं, एके राज्यांत जें घडलें तें घडलें तैसें लिहिलें असे.

त्या राज्यांत भिवराबाई म्हणोन बालविधवा दिराचे घरीं राहात. अंगीं लाल आलवण, डोईस वस्तरा, एक वेळ अन्न, ऐसी अवस्था. परंतु बाई वडिलांपासून लिहिणें शिकल्या होत्या आणि दुपारीं घर निजलें म्हणजे माडीवर बसोन कादंबरी लिहीत. कादंबरींत गोदा नामें विधवा. तिनें केशवपन नाकारिलें, घर सोडिलें, परगांवीं मुलींची शाळा चालविली आणि मनास आला तो पुरुष वरिला, ऐसा मजकूर. मग बाईंनी ग्रंथ रघोपंत छापखानेवाले यांस दिल्हा, आणि रघोपंतांनी तो ग्रंथसभेचे नायक नीळकंठशास्त्री यांजकडे नेला, कारण त्यांचे मंजुरीवांचून राज्यांत कांहींच छापत नसत. शास्त्रीबोवांनी बाईंस बोलावून आज्ञा केली कीं, "भाषा बरवी आहे. परंतु ऐसी स्त्री शेवटीं सुखी जाहाली तर आमच्या घरांतल्यांनी काय शिकावें? तिला पश्चात्ताप होऊन विहिरींत उडी घेऊं द्या."

बाई म्हणाल्या, "गोदा उडी घ्यायची नाहीं. कोणी ढकललीच तर तिला पोहतां येतें."

शास्त्रीबोवा हंसले आणि बाईंस वाटेस लाविलें. मग आपले हातें शेवटचें प्रकरण लिहोन गोदेस बुडविलें, आणि रघोपंतांनी मान खालीं घालोन तैसेंच छापिलें. मग थोर सभा भरली. पुरुष गाद्यांवर, बायका चिकाच्या पडद्याआड, आणि शास्त्रीबोवा गळा काढोन गोदेचें मरण वाचूं लागले. बायका पदर डोळ्यांस लावूं लागल्या. पडद्याआड भिवराबाई बसल्या होत्या, त्यांनी तेव्हांच प्रथम ऐकिलें. बाईंच्या तळपायाची आग मस्तकास गेली. लहानपणीं आपणांस न पुसतां लग्न लाविलें, न पुसतां केस काढिले, आणि आतां मनांतून जन्मलेली एक मुलगी, तीही न पुसतां मारिली! बाईंनी पडदा हातानें सारिला आणि भरसभेंत उभ्या राहिल्या.

"पुरे करा, शास्त्रीबोवा! ती मेली नाहीं. तुम्हीं मारिलीत. जिवंत बायका मारोन पोट भरलें नाहीं, म्हणोन कागदावरच्याही मारतां?"

सभेंत गलबला जाहाला. दीर धांवोन आले आणि बाईंचा दंड धरोन ओढूं लागले. शास्त्रीबोवा गर्जले, "या रांडेस बाहेर काढा!" इतक्यांत पडद्याआडून आवाज आला. तो शास्त्रीबोवांच्या खाशा कुटुंबाचा, यमुनाबाईंचा. त्या आजवर परपुरुषांदेखत बोलल्या नव्हत्या.

"त्यांस सोडा. बाई, मग गोदेचें पुढें काय जाहालें, तें आम्हांस सांगा."

दिरांचा हात गळाला. बाई रडत रडत सारें सांगत्या जाहाल्या, आणि बायका पडदा ओलांडोन त्यांभोंवतीं बसल्या.

सारांश, रघोपंतांस शालजोडी मिळाली. भिवराबाईंस वाळींत टाकिलें. दिरांनी दार लाविलें, आणि बाई एकल्याच परगांवीं गेल्या. ग्रंथ घरोघर गेला, परंतु बायकांनी शेवटचें प्रकरण फाडोन चुलींत घातलें आणि लेकींस गोदेची खरी गोष्ट तोंडीं सांगितली. त्या पानांनीं पहिली चूल पेटली ती शास्त्रीबोवांच्याच घरीं, आणि पेटविली यमुनाबाईंनी. इति.