हिरव्या हत्तीचा द्रवणांक

पुस्तकं पाठ करणारी पोरं लातुरात ढिगानं होती, शास्त्रज्ञ मात्र मी एकटाच होतो. हे मी गर्वानं सांगत नाही, निरीक्षण म्हणून सांगतोय.

भूकंपाला वर्ष उलटलं होतं आणि शहरात गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या उगवल्या होत्या. श्रीनाथ सरांच्या स्पेशल बॅचमध्ये माझी जागा अगदी हलत्या दातासारखी होती. येत्या चाचणीत ती पडली की मी थेट उदगीरला, वडिलांच्या दुकानात, तूर पाखडायला. पण सरांनी जाहीर केलं की शेवटचा प्रश्न पाठांतराचा नसेल, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा असेल. मी मनातल्या मनात डॉक्टरकीचा कोट शिवायला टाकला.

प्रयोगाचा उद्देश: प्लास्टिकचा हत्ती किती तापमानाला वितळतो ते पाहणे. हत्ती हिरवा होता. तो घरमालक मडिवाळप्पा काकांच्या नातीचा, सृष्टीचा. तिनं तो लिमलेटच्या गोळ्या घेऊन विज्ञानाला दान केला.

प्रयोगशाळाही तयारच होती. पोरांना भाड्यानं द्यायला काकांनी परसात नव्या खोल्या बांधायला काढल्या होत्या, आणि भूकंपाच्या धास्तीनं एकेका खांबाला विहिरीएवढा खड्डा घेतला होता. एका खड्ड्यात मी वातीचा स्टोव्ह, वनस्पती तुपाचा रिकामा डबा आणि हत्ती घेऊन उतरलो. तापमान मोजायला घरमालकीण गुरम्मा काकूंचा ताप बघायचा थर्मामीटर होता. हत्तीला एकशे आठ ताप चढला आणि थर्मामीटर तिथंच थांबला. हत्ती थांबला नाही. आधी सोंड गेली, मग पाय बसले, शेवटी एक कान तेवढा वर राहिला, हात वर करून शंका विचारणाऱ्या पोरासारखा.

इतक्यात वरून काकूंच्या बांगड्या वाजल्या. खोलीवर स्टोव्ह वापरायला सक्त मनाई होती. मी घाईनं स्टोव्ह उचलला, डबा कलंडला, हत्ती खालच्या पोत्यावर ओघळला आणि पोतं धुमसायला लागलं. स्टोव्ह आणि डबा घेऊन मी पलीकडून चढून पसार.

काकूंनी खड्ड्यातून वर येणारा काळा धूर पाहिला. एरवी कुणीही म्हणालं असतं, कुणीतरी कचरा जाळलाय. पण त्या दिवसांत लातुरात भांडं पडलं तरी माणसं अंगणात येत.

"अवो, बाहेर या! भुईतून धूर निघायलाय!"

गल्ली रिकामी झाली, म्हणजे सगळी रस्त्यावर आली. मडिवाळप्पा काकांनी टीव्ही काढला, आणि परत जाऊन टीव्हीवरचा रुमालही काढला. शेजारचे शिंपीकाका अर्धा शिवलेला सदरा घेऊन आले, आणि त्यांच्या मागोमाग त्या सदऱ्याचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक, उघडं. माझा खोलीतला जोडीदार मन्मथ सेंद्रिय रसायनाच्या नोट्स छातीशी धरून जो पळाला तो एस.टी. स्टँडवर जाऊन औसा गाडीत बसला.

कुणीतरी सरांना बोलावून आणलं. सर स्कूटरवर आले, मागं अख्खी बॅच सायकलींवर. तोवर पोतं जळून राख झालं होतं आणि तळाशी हिरवा गोळा थंड होत होता. सरांनी तो काठीनं उलटला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "लाव्हा. तांब्याचं प्रमाण जास्त, म्हणून हिरवा."

बॅचनं वह्या काढल्या.

माझ्या शास्त्रीय वृत्तीला हे सोसवेना. मी सरांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं की सर, तो हत्ती आहे.

"आकाराच्या भाषेत बोलू नको," सर म्हणाले. "द्रव्याच्या भाषेत बोल."

"सर, प्लास्टिकचा हत्ती. त्याचा तो कान बघा."

"ढगातसुद्धा हत्ती दिसतात. म्हणून ढग काय चारा खातात?"

पोरं हसली. मडिवाळप्पा काकांनी मला दटावलं, "मोठी माणसं बोलायलीत ना, गप ऱ्हा की जरा." सृष्टीनं खड्ड्यात वाकून बघितलं आणि भोकाड पसरलं. लेकरू लई भ्यालंय, असं सगळ्यांचं मत पडलं.

सगळी गल्ली दोन रात्री मैदानात झोपली. तिसऱ्या दिवशीही काही हाललं नाही, तेव्हा लोक घरात गेले, मन्मथ औशाहून परत आला आणि चाचणी झाली. शेवटचा प्रश्न होता: 'मडिवाळप्पा यांच्या परसात आढळलेल्या लाव्ह्याचे गुणधर्म प्रत्यक्ष निरीक्षणावरून लिहा.'

माझ्याइतकं प्रत्यक्ष निरीक्षण जगात कुणाचंच नव्हतं. सोंड आधी वितळते, पाय नंतर, कान सगळ्यात शेवटी, वास जळक्या बादलीसारखा, एकशे आठपर्यंत ताप मी स्वतः पाहिला आहे, असं सगळं आकृतीसकट लिहिलं.

मन्मथनं लिहिलं: तापमान बाराशे अंश, उगम पृथ्वीच्या पोटात. त्याला पैकीच्या पैकी. तो स्पेशल बॅचमध्ये राहिला.

मला शून्य. शेजारी सरांच्या लाल शाईत शेरा होता: 'विद्यार्थी घटनास्थळी हजर नसावा.'