गाद्या, मेहुणा आणि मी एकटा

मी आयुष्यात एकाही ट्रकला हात लावलेला नाही. माल वाहणाऱ्या कंपनीत मी रवानगीच्या टेबलावर बसतो. कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, किती वाजता, हे फोनवर सांगायचं आणि फोन ठेवायचा. दोरी बांधायची पैलवानानं, म्हणजे आमच्या हमालांच्या मुकादमानं. स्टेअरिंग धरायचं ड्रायव्हरनं. अशा माणसाला कुठला कायदा धरणार, सांगा?

मध्यंतरी मालक कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि म्हणाले, "नवा कायदा आलाय. रस्त्यावर काही झालं तर आता एकटा ड्रायव्हर जबाबदार नाही. माल भरणारा, गाडी पाठवणारा, घाई करणारा, सगळेच."

"सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही," मी म्हणालो. मालक हसले आणि विषय तिथंच मिटला.

त्या दिवशी एका नव्या हॉटेलात गाद्या पोचवायच्या होत्या. हॉटेलच्या मॅनेजरनं सकाळपासून फोन करकरून माझा कान तापवला होता. "पाहुणे दारात आलेत हो. त्यांना काय फरशीवर झोपवू?" तिकडून मालक केबिनमधून मान बाहेर काढून विचारत होते, "गाडी अजून इथंच?" आणि ड्रायव्हर एकच शिल्लक होता: माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. रात्रभर गाडी चालवून तो नुकताच परत आला होता.

"दाजी, डोळे मिटतायत," तो म्हणाला. "जरा पाठ टेकतो, मग निघतो."

"अरे, गाद्याच तर न्यायच्यात," मी म्हणालो. "पोचलास की त्यातल्याच एकीवर झोप."

तेवढ्यात पैलवान आला. "साहेब, ढीग गाडीच्या फळीच्या वर गेलाय. अजून दोन दोर पाहिजेत, गोदामातून आणतो."

"गाद्या आहेत, दगड नाहीत. उडून कुठं जातायत?"

उडून गेल्या. पुलाच्या वळणावर दोर सुटला आणि गाद्या पाखरांसारख्या उठल्या. एक जाऊन मागून येणाऱ्या जीपच्या काचेवर पालथी पडली. जीपवाल्यानं ब्रेक दाबला, पण दिसेनासं झालं होतं. जीप पुढे घसरली आणि रस्त्यात पडलेल्या दुसऱ्या गाद्यांमध्ये रुतून थांबली. कुणाला साधं खरचटलंही नाही, हे आमचं नशीब. पण जीप कुणाची होती? रस्ता सुरक्षेच्या तपासणी अधिकारीण बाईंची. आता एवढ्या मोठ्या रस्त्यावर माझ्या गादीला दुसरी गाडी मिळू नये?

मेहुण्यानं गाडी कडेला घेतली, गाद्या ओढून झाडाखाली रचल्या, आणि मदत येईपर्यंत म्हणून एकीवर टेकला. बाईंनी येऊन हाक मारली तेव्हा तो घोरत होता. खांदा धरून हलवलं, तर डोळे न उघडता म्हणाला, "निघालो दाजी, निघालोच."

"हे दाजी कोण?" बाईंनी विचारलं. झोपेतल्या माणसानं माझा पूर्ण पत्ता सांगितला!

संध्याकाळी आम्ही सगळे बाईंच्या खोलीत एका बाकावर. मॅनेजर म्हणाला, मी फक्त चौकशी केली. मालक म्हणाले, मी कधी कुणाला घाई करत नाही, फक्त उशीर का झाला एवढंच विचारतो. पैलवान म्हणाला, मी दोर मागितले होते. माझा संताप अनावर झाला. ज्यानं दोरीला बोट लावलं नाही, त्याला बाकावर बसवायचं?

"मॅडम," मी उभा राहिलो, "माझा या प्रकरणाशी काय संबंध?"

"बसा. गाडी किती वाजता सुटणार, हे कोण ठरवतं?"

"मी."

"कुठला ड्रायव्हर जाणार?"

"मीच."

"आणि दोर पुरे आहेत, हे?"

"ते पैलवान... म्हणजे, त्यालाही मीच सांगावं लागतं."

"म्हणजे तिथलं सगळं काम तुम्ही एकटेच करता की," बाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हे कुणी पहिल्यांदाच बोललं होतं. माझा ऊर भरून आला. "हेच तर, मॅडम! माझ्याशिवाय तिथलं पानही हलत नाही."

पैलवानानं कपाळाला हात लावला. बाई शांतपणे लिहीत होत्या.

आमच्या सगळ्यांवर खटला भरला गेला, मॅनेजरवरसुद्धा. मला मात्र सगळ्यांपेक्षा जास्त कलमं लागली. हा अन्याय बायकोला सांगावा म्हणून तणतणत घरी आलो, तर मेहुणा माझ्याच पलंगावर आडवा. बायको दारात उभी. मी तोंड उघडणार, एवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, "गाडी थांबवल्यावर झोप लागली त्याला. चालवताना लागली असती तर?"

मी पायातल्या चपला आवाज न करता काढल्या.

मी बाहेर खुर्चीत जाऊन बसलो. थोड्या वेळानं फोन वाजला. मॅनेजर. खटला अंगावर असूनही गडी सुधारला नव्हता. "उरलेल्या गाद्या कधी निघणार?"

"ड्रायव्हर उठला की," मी कुजबुजलो.

"मग उठवा ना त्याला."

मी आत पाहिलं. बायको पंख्याचा वेग कमी करत होती, आवाज नको म्हणून.

"एक मिनिट," मी म्हणालो, "ते ठरवणाऱ्यांकडे फोन देतो." आणि पहिल्यांदाच रवानगीचं काम दुसऱ्याच्या हातात दिलं.

ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मॅनेजर आता गाद्या न्यायला स्वतः येणार आहे. कधी, हे त्यानं मलाच ठरवायला सांगितलंय. मी म्हटलं, बायकोला विचारून कळवतो.